शेप्याच्या सावलीची वर्गणी

हट्टा,
१२ डिसेंबर २०२४

गंगूताई,

नमस्कार आधी, भांडण मागून.

परवा फोन केला होता. तुझ्या लेकानं, विश्वजीतनं तो तुझ्या कानाला लावला, आणि तू मला "कोण, गॅसवाला का?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिलीस. मग गॅसची टाकी उद्या आण म्हणून सांगितलंस आणि ठेवून दिलास. तुझे कान आता असे, त्यात ढाब्यासमोर ट्रकांची रांग. मोबाइलवर लिहून पाठवावं तर ढाब्यातली पोरं ते मोठ्यानं वाचतात, हे तूच म्हणालीस. म्हणून हा कागद.

काम शेप्याचं आहे. शेपूच्या वासाचा असा आंबा हट्ट्यात दुसरा नाही, हे तुला मी सांगायला नको. झाड तुझं, परस तुझं. पण ओळीनं चार वर्षं त्याचा मोहोर काळा पडून गळतो. गल्ली म्हणते, धुईनं जळाला. धुई म्हणजे धुकं; ते येतं आणि निघून जातं, ते कशाला जाळील? मी दुकानातलं, पाण्याच्या मोटारीची तार बघायचं भिंग लावून मोहोर पाहिला आहे. दांड्यांवर पिठासारखी पांढरी पूड असते. तिला भुरी म्हणतात, ती बुरशी आहे, आणि तिच्यावर औषध आहे. हे मला कुणी शिकवलेलं नाही. पुस्तकं आणली, वाचली, झाडाशी ताडून पाहिली.

आता अडचण ऐक. औषधाचा लहानात लहान पुडा घेतला तरी तो परसातल्या एका झाडाला फार होतो. उरलेला पुडा पावसाळ्यात घट्ट होऊन दगड बनतो. म्हणून गल्लीतल्या झाडवाल्यांनी मिळून एकदाच औषध आणायचं, माझा फवारणीचा एचटीपी पंप लावायचा आणि ज्याच्या झाडाला जेवढं औषधाचं पाणी लागेल तेवढी वर्गणी त्यानं भरायची, असं मी ठरवून दिलं. सगळे कबूल झाले. अडलं ते शेप्यावर. बाकीची सगळी झाडं मिळून जेवढं औषध पितील तेवढं हा एकटा पिणार. आणि याला सोडून बाकीच्यांवर फवारलं तर वारा याची भुरी पुन्हा त्यांच्यावर नेऊन टाकणार. रतनसिंगनं बैठकीत सरळ विचारलं, "तुझी बहीण भरत नसंल तर आमी काहून भरावं? तोडा मग ते झाड."

तेव्हा तुझी वर्गणी कळव. आणि मंजुषा म्हणते, तू वसमतच्या लाकूडवाल्याशी बोललीस. हे खरं नसावं.

तुझा,
विजयकुमार


कनेरगाव नाका,
२१ डिसेंबर

विजू,

आशीर्वाद आहेच, तो काही तुझ्या पत्रावर ठरत न्हाई.

लाकूडवाल्याचं खरं आहे. विसार घेतला. ढाब्यावर पत्रे टाकायचे आहेत, गिऱ्हाइकाच्या ताटात वरून पाणी पडून राहिलं. संक्रांत झाली की झाड तोडतो म्हणाला.

तुला वाईट वाटंल, पण माझं ऐक. चार वर्षांत त्या झाडाची एक कैरी माझ्या तोंडात गेली न्हाई. पाला मात्र पडतो. तो बेबीबाई झाडते आन् माझ्या नावानं बोटं मोडते. मला इथं जेवता जेवता ठसका लागतो, तवा समजते मी की तिकडं झाडलोट चालू आहे.

अन् समज, तुझ्या औषधानं आंबा लागला. मंग? माझ्या घराला कुलूप. फांद्या गेल्या रतनसिंगच्या परसात, बेबीबाईच्या परसात, तुझ्या परसात. आपल्या गल्लीची रीत तुला ठावी आहे, आंबा ज्याच्या परसात पडला त्याचा. म्हणजे खाणार तुमी, अन् औषध पाजायचं मी? ही कोण्या गावची वाटणी?

माझ्याकडून छदाम मिळणार न्हाई. संक्रांतीच्या आत काही अक्कल चालवायची तर चालव. न्हाई जमलं तर झाड जाईल, मला त्याची तकलीफ न्हाई.

मंजूला सांग, मागच्या वेळचं लोणचं खारट होतं पण संपलं.

गंगू


हट्टा,
२८ डिसेंबर

गंगूताई,

तुझं पत्र मंजुषानं वाचलं आणि मला म्हणाली, आता गप बसा. मी मात्र ते पुन्हा वाचलं, आणि जेवण टाकून उठलो. तू भांडता भांडता मला मुद्दाच काढून दिलास.

उपाय सापडला आहे. काय ते आत्ता लिहीत नाही. अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही. मोटार बांधून पूर्ण झाल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला दुकानात उभं राहू देत नाही, हे गावाला माहीत आहे. तुझ्या परसाचं कुलूप मात्र उघडलं, किल्ली मंजुषाकडे होतीच. काम पुरं झालं की सगळं सविस्तर कळवीन.

तोवर लाकूडवाल्याला संक्रांतीच्या अलीकडे पाऊल टाकू देऊ नकोस. शेंड्यांवर डोळे फुगले आहेत. यंदा मोहोर दणकून येणार.

विजयकुमार


कनेरगाव नाका,
९ जानेवारी २०२५

विजयकुमार,

विजू लिहायला हात उठत न्हाई.

बांगडीवाली देवला नाक्यावर आली होती. चहा पाजला, हट्ट्याची खबर विचारली. ती म्हणाली, तुमच्या परसात तुमचा भाऊ फीत धरून मोजून राहिला. दुसरं टोक रतनसिंगच्या हातात. खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या. मी म्हणलं, दुसऱ्या कोणाचं परस असंल. ती म्हणाली, शेप्याचं झाड मला ओळखू येत न्हाई का?

म्हणून कुलूप उघडलं व्हय? म्हणून "आत्ता लिहीत नाही"?

आप्पांनी परस माझ्या नावानं केलं तवा सगळी भावकी म्हणाली होती, लेकीला परस कशापायी, आज ना उद्या भाऊच घेणार. तू तवा एक शब्द बोलला न्हाईस. मी समजले, तुझ्या मनात काही न्हाई म्हणून बोलत न्हाईस. आज समजलं, मोजायला सवड मिळत नव्हती.

लाकूडवाल्याला निरोप धाडला आहे. तो सोमवारीच येतो. झाड एकदा निघालं की जागा साफ होईल. मंग मोजायची तर सरकारी मोजणीदार आणून माझ्यासमोर मोज. माझ्या पाठीमागं न्हाई.

गंगा


हट्टा,
सोमवार, १३ जानेवारी, भोगी

गंगूताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उत्तर लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. आज लाकूडवाला येऊन गेला, तेव्हा आता जे झालं ते क्रमानं लिहितो.

आधी चुन्याच्या रेघांचं. तू लिहिलंस की खाणारे ते, मग औषध मी का पाजू. बरोबर आहे. म्हणून मी असं ठरवलं की शेप्याची वर्गणी झाडाच्या मालकिणीनं भरायचीच नाही. ज्याच्या परसात ते झाड आहे त्यानं भरायची. आणि झाड कुणाच्या परसात किती आहे, हे सांगते त्याची सावली. भर दुपारी सावली जमिनीवर कुठवर पडते तिथं खुंट्या ठोकल्या, रेघ मारली, आणि प्रत्येकाच्या परसात तिचा किती भाग पडतो ते फितीनं मोजलं. सगळ्यात जास्त सावली रतनसिंगची, मग माझी, थोडी बेबीबाईची. तुझ्या परसात पडते तेवढी माझ्या नावावर धरली. रतनसिंग फीत धरून होता तो यासाठी, की मागून त्यानं कुरकुर करू नये. तिघंही कबूल झाले होते. तुला सगळं जमल्यावरच सांगायचं होतं, म्हणून लिहिलं नाही.

जागेचं म्हणशील तर आप्पांनी कागद केला तेव्हा मी बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. परस तुझं आहे. यावर मी पुन्हा लिहिणार नाही.

आता आजचं. लाकूडवाला दोन माणसं आणि करवत घेऊन सकाळी आला. फाटक मीच उघडून दिलं. झाड माझ्या बहिणीचं आहे, तिनं विकलं आहे, असं त्याला सांगून मी बाजूला ओट्यावर बसलो. रतनसिंग भिंतीवरून म्हणाला, या झाडात माझी सावली आहे, तिचं काय. लाकूडवाला त्याच्याकडे बघतच राहिला. सावली विकत घेतल्याचं त्यानं आजवर ऐकलं नसावं.

मग बेबीबाई आली. भोगीच्या भाजीच्या शेंगा सोलत होती, सूप घेऊनच आली आणि बुंध्याला पाठ लावून बसली. म्हणाली, "भोगीच्या दिवशी मोहोरल्या झाडाला करवत लावतो व्हय रे? चालव. मी शेंगा सोलून होईस्तोवर इथून उठत न्हाई." सुपात शेंगा बऱ्याच होत्या.

लाकूडवाल्यानं वर पाहिलं. शेंड्याशेंड्याला बोटाएवढा मोहोर निघालेला आहे, तांबूस, अजून एक फूल उमललेलं नाही. त्यानं करवत गुंडाळली. मला म्हणाला, "मी लाकूड घेतो, बायांचे तळतळाट घेत न्हाई. ताईंना म्हणा, झाडाखाली येऊन माझ्यासमोर सांगा, तवा तोडतो."

तेव्हा ये आणि सांग. मी अडवणार नाही. एवढंच की यायचं तर दुपारी बाराला ये, आणि रेघा स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

विजयकुमार


कनेरगाव नाका,
२३ जानेवारी

विजू,

मी येऊन गेले.

तू औषध आणायला वसमतला गेला होतास त्या दिवशी. मंजूला शपथ घातली की तुला सांगायचं न्हाई. तिला बोल लावू नको. तिनं वरण-भाकरी वाढली अन् तोंड बंद ठेवलं, दोन्ही बराबर केलं.

बाराला परसात उभी राहिले. रेघा पाहिल्या. कुठं खड्ड्यासारखी आत गेली, कुठं पोटासारखी बाहेर आली, अशी वेडीवाकडी रेघ. जागा अशी कोणी मोजत न्हाई, हे मला पाहता क्षणी समजलं. सावली रेघेवर बराबर बसली होती. मी जे लिहिलं ते वाईट लिहिलं. देवलाला दोष देत न्हाई, तिनं पाहिलं तेवढंच सांगितलं. पुढचं माझ्या डोक्यानं जोडलं.

एवढं बोलून झालं. आता तुझं ऐक.

शहाण्या, आंबा सावलीत पडतो का फांदीखाली?

हे थंडीचे दिवस. सूर्य दक्षिणेच्या अंगानं चालला आहे. सावली सगळी लांबून उत्तरेला, रतनसिंगच्या परसात जाऊन पडते. त्याच्या गोठ्याच्या दारापर्यंत सावली गेली, अन् वर पाहावं तर फांदी भिंतीच्या एवढीशी पुढं. बेबीबाईकडं पाहिलं तर तिच्या डोक्यावर केवढा मोठा फाटा, अन् खाली सगळं ऊन. ज्येष्ठात आंबा पिकून पडंल तो सरळ खाली पडंल. तो काही तुझ्या रेघेकडं बघून तिरपा पडणार न्हाई. रतनसिंग बिचारा सावलीचे पैसे भरून बसणार, अन् आंबे बेबीबाई वेचणार. मंग मृगात गल्लीत डोकी फुटतील.

तुला इतकं सगळं येते, अन् हे कसं सुटलं? भिंगातून पाहतोस, वर पाहत न्हाईस.

लाकूडवाल्याला सांगितलं, पाडव्यापर्यंत थांब. पाडव्याला कैरी दिसली तर झाड राहील. न्हाई दिसली तर मी स्वतः बुंध्यापाशी येऊन उभी राहते अन् तोडवते, तवा बेबीबाईनं सूप आणायचं न्हाई. हे माझं शेवटचं.

गंगू


हट्टा,
२० फेब्रुवारी

गंगूताई,

तुझ्या पत्राला महिना होत आला. रागावून उशीर केला असं समजू नकोस. राग दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या परसात जाऊन उभा राहिलो आणि वर पाहिलं.

सूर्य हिवाळ्यात दक्षिणेला असतो हे मला माहीत होतं. ते मी त्या दिवशी हिशोबात धरलं नाही. यापेक्षा जास्त कबुली माझ्याकडून मागू नकोस.

गवंड्याचा ओळंबा आणला. शिडीवर चढून प्रत्येक बाहेरच्या फांदीच्या टोकाला तो लावला, आणि खाली वजन जिथं टेकलं तिथं नवी खुंटी मारली. जुन्या रेघा पुसल्या. रतनसिंगचा वाटा निम्म्यावर आला, बेबीबाईचा दुपटीपेक्षा जास्त झाला. रतनसिंगला हे कुणी शोधलं ते मी प्रामाणिकपणे सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या घराला सूर्य कनेरगावाहून उगवतो व्हय?" हे त्यानं दुकानावर येऊन, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं.

मला वाटलं बेबीबाई भांडेल. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे आंबे पण माझेच ज्यादा ना?" मी हो म्हणालो. तिनं पदराची गाठ सोडली.

फवारणीच्या दिवशी मात्र नवाच तमाशा. मी वर्गणी मागितली, तर रतनसिंग हळदीला आणलेल्या औषधाची उरलेली बाटली घेऊन आला. म्हणाला, माझा वाटा हा. त्याचं पाहून गल्लीतून एकेक बाटली निघाली. कुणाचं कापसावरचं, कुणाचं हरभऱ्यावरचं, एकीचं लेबलच उंदरानं खाल्लेलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, औषध ते औषध, ओता एकाच टाकीत. मी पंपाचा पट्टा काढून खिशात घातला आणि सांगितलं, हे मिश्रण करायचं तर पंप दुसऱ्याचा आणा. पान जळून गेलं तर धुईला नाव ठेवू नका. अर्धा दिवस पंप तसाच पडून राहिला. दुपारून बाटल्या आपापल्या घरी गेल्या आणि वर्गणी आली.

पहिला हात पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाचा दिला, फुलं उमलायच्या आत. तोंडाला रुमाल, हातात मोजे, सकाळी वारा पडलेला असताना. नळीच्या पुढे मी बांबू जोडला, त्यामुळे थेट शेंड्यापर्यंत तुषार गेला; हा बांबू जोडायचा सांधा माझा मी बनवला आहे, बाजारात मिळत नाही. मोहोर पूर्ण उमलला तेव्हा सगळे म्हणाले, अजून एक हात मारा. मी नाही म्हणालो. तेव्हा माश्या-मधमाश्यांचं काम चालू असतं, त्यांना हाकलून फळ धरत नसतं. दुसरा हात ज्वारीच्या दाण्याएवढं फळ धरल्यावर, वेगळ्या औषधाचा.

मधे ओळीनं काही सकाळी दाट धुई पडली. गल्लीच्या टोकावरून माझं दुकान दिसेना. गल्ली माझ्याकडे अशी बघत होती, की धुई मीच सोडली आहे. धुई उठली तेव्हा सगळे आधी शेप्याखाली आले. मोहोर जसाच्या तसा. खालच्या आळीची झाडं मात्र काळी पडली. मी जाऊन पाहून आलो. चांगलं वाटलं असं लिहिणं बरं दिसत नाही, पण वाटलं.

आता पाडव्याची वाट बघ.

विजयकुमार


कनेरगाव नाका,
३१ मार्च

विजू,

काल पाडव्याला लाकूडवाला ढाब्यावर आला. जेवला. हात धुताना म्हणाला, ताई, चला हट्ट्याला, सोक्षमोक्ष करू.

मी म्हणलं, जायची गरज न्हाई. मंजूनं विश्वजीतच्या मोबाइलवर फोटू धाडला होता, तो त्याला दाखवला. लिंबाएवढ्या कैऱ्या, घोसच्या घोस. त्यानं फोटू बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग स्वयंपाकी आला, एक ट्रकवाला आला, सगळे पाहून राहिले. ट्रकवाला म्हणाला, हे झाड कोणाचं? लाकूडवालाच म्हणाला, या ताईंचं.

त्याचा विसार परत केला. त्यानं मोजूनही पाहिला न्हाई. म्हणाला, ताई, पिकले की आठवण ठेवा.

पत्रे यंदा राहिले. पावसाळ्याला ताडपत्री बांधू, आजवर बांधलीच. विश्वजीत थोडा फुगून आहे, आंबे खाल्ले की उतरंल.

आता कामाचं. माझ्या परसात फांदीखाली जेवढी जागा पडते, तिची वर्गणी तू तुझ्या नावावर धरलीस. ती काढ. ती माझी आहे, मी भरणार. हिंगोलीला जाणाऱ्या बसमध्ये आपल्या सोमेश्वर कंडक्टरजवळ दिली आहे, तो वसमतच्या फेरीला तुझ्या दुकानावर आणून देईल. कमी भरली तर कळव, जास्त भरली तर परत कर. मला उपकार नको, अन् कोणावर करायचाही न्हाई.

गंगू


हट्टा,
४ जून

गंगूताई,

बसनं पाठवलेली टोपली पोहोचली असेल. वरच्या थरात पिकलेले, खाली पाडाचे, मधे भाताचा पेंढा. टोपली मी भरली आहे, तेव्हा एकही आंबा दबलेला निघणार नाही.

तुझा स्वयंपाकी ऐन वेळी गावाला गेला म्हणून तू आंब्याच्या उतरणीला आली नाहीस. म्हणून सांगतो. गल्लीनं चार चादरी शिवून एक केल्या आणि एकेका परसात फांद्यांखाली ताणून धरल्या. रतनसिंग वर चढला. त्यानं पहिली फांदी हलवली तेव्हा बेबीबाईची सून चादर सोडून पळाली, इतके एकदम पडले. वासानं तर गल्ली भरली. शाळेतून परतणारी लेकरं भिंतीला लागून उभी राहिली, त्यांनाही दिले. प्रत्येकानं आपापल्या रेघेत पडलेले उचलले आणि एकाही आंब्यावरून कुणाचा आवाज चढला नाही. तुझ्या परसातले मी वेगळे काढले, तेच टोपलीत आहेत. रस केला की कळव. मंजुषानं इथं केला. मी चार वाट्या घेतल्या आणि दुकान उघडायला उशिरा गेलो, जे मी कधी करत नाही.

खालच्या आळीची माणसं परवा दुकानावर आली. त्यांनाही पुढच्या हिवाळ्यात आमच्यासारखं करायचं आहे. मी त्यांना ओळंबा धरायला शिकवला. सावलीचं विचारलं तर सांगितलं, सावलीवर जाऊ नका, फसाल. कुणी फसलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्या गल्लीत झाली होती एकाची चूक.

आता खरं काम. रतनसिंगनं काल काय केलं ते ऐक. बेबीबाईच्या डोक्यावरचा जो मोठा फाटा आहे, त्याच्या कोवळ्या फांदीला त्यानं दोरी बांधली आणि ती ओढून आपल्या भिंतीकडे वळवली. दोरीचं टोक गोठ्याच्या खांबाला. बेबीबाईनं पाहिलं आणि एकच गलका केला. मी गेलो. रतनसिंगला विचारलं, हे काय. तो शांतपणे म्हणाला, "माझा वाटा कमी पडला. पुढच्या साली मला ज्यादा वर्गणी भरायची आहे."

डिसेंबरात हाच मला विचारत होता, आमी काहून भरावं. आता ज्यादा भरायला भांडतो आहे, आणि बेबीबाई कमी भरायला तयार नाही. दोघांत मी उभा राहिलो. मी सांगितलं, मी मोजून देतो, निकाल देत नाही. ज्याचं झाड त्याला विचारा. मग रतनसिंगनं माझ्याच दुकानात बसून, माझ्याच पेनानं, तुला चिठ्ठी लिहिली. ती सोबत जोडली आहे. मी ती वाचलेली नाही.

निकाल तू दे. गल्ली थांबली आहे.

विजयकुमार


कनेरगाव नाका,
११ जून

विजू,

टोपली पोहोचली. एकही दबलेला नव्हता, मी मुद्दाम शोधला. रस केला, ढाब्यात ताटाबरोबर वाटी वाटी दिला. विश्वजीतचा फुगा उतरला. लाकूडवाल्याला पाच आंबे ठेवले होते, तो येऊन घेऊन गेला.

रतनसिंगची चिठ्ठी पाहिली. वर "मालकीण गंगूताई यांस" असं लिहिलं आहे. लग्न होऊन मी या नाक्यावर आले तवापासून हट्ट्याच्या माणसांनी मला चहाला विचारलं, लुगड्याला विचारलं, तब्येतीला विचारलं. परसाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. चिठ्ठी मी विश्वजीतकडून मोठ्यानं वाचून घेतली, अन् ऐकू आलं न्हाई म्हणून पुन्हा वाच म्हणलं. ऐकू आलं होतं.

आता निकाल. दोघांना समोर उभं करून वाचून दाखव.

रतनसिंगनं दोरी आजच सोडायची. बांधून वळवलेली फांदी वाऱ्यात फाटते, अन् जखमेत पाणी मुरलं की तुझी ती बुरशी पुन्हा घर करते. फांदी आपणहून जिकडं जाईल तिकडं जाऊ दे. तिच्याखाली ज्याचं परस येईल त्यानं भरावं अन् त्यानंच खावं. एवढी हौस असंल तर रतनसिंगनं पावसात एक कोय लावावी, भिंतीपासून दूर, अन् तिला पाणी घालावं.

बेबीबाईला सांग, पाला झाडते त्याची मला जाण आहे. येत्या हिवाळ्यापासून ती झाडलोट तिच्या वर्गणीत धरायची. किती धरायची ते मी ठरवणार.

मोहोराचे डोळे फुगले की मला कळव. ढाबा विश्वजीत सांभाळंल. मोजायच्या दिवशी मी येते. माझ्या परसात फितीचं एक टोक माझ्या हातात राहील.

गंगू